निळ्या ड्रमवरची लाल पट्टी

आषाढातला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. रक्कम रुपये पाच हजार, पाचशेच्या दहा नोटा, बयाणा म्हणून. ठिकाण आमची पडवी. हजर मंडळी: मी, माझी बायको, तिचे वडील म्हणजे माझे सासरे, पैसे देणारा तोंडवलीचा तरुण, आणि कोणी बोलावलं नसताना आलेला आमचा शेजारी. त्याची होडी पावसाळ्याची बंदी म्हणून किनाऱ्यावर झाकून ठेवलेली, त्यामुळे त्या दोन महिन्यांत तो आमच्याच पडवीत असे.

व्यवहार असा ठरला. सासऱ्यांचा जुना ड्रम सेट दुरुस्त करायचा, त्यावर नवं निळं आवरण चढवायचं आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी ताब्यात द्यायचा. किंमत बावीस हजार. तरुणाने तोंडवलीला किनाऱ्यालगत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. तिथल्या जेवणाच्या शेडमध्ये हे ड्रम छताला उलटे टांगून त्यांत दिवे बसवायचा त्याचा बेत होता. मोबाईलवर त्याने तसं चित्रही दाखवलं. दिसायला छानच होतं.

"म्हणजे वाजवूचे नाय?" शेजाऱ्याने विचारलं.

"नाय ओ काका. डेकोरेशन."

"मग बालद्यो टांग मरे. स्वस्तात जातला."

सासरे हसले. "टांगूंदे तेका. माझे हात तरी खंय आता वाजवतत?"

बायको उठली. चहाचे कप उचलून आत गेली आणि ते मोरीत जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

सासरे आता अठ्ठ्याहत्तरचे. भातशेती आणि काजू सांभाळून त्यांनी चाळीस वर्षं एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवला. लग्नं, वाढदिवस, गणपती, शाळांची गॅदरिंग, जिथे बोलावतील तिथे. म्हापशाचा एक बँड मोडला तेव्हा त्यांनी हा सेट जुना म्हणूनच घेतला होता. लाल, आत मोत्यासारखी झाक असलेला. सासूबाई गेल्यावर एकटं राहणं जमेना, म्हणून गेल्या थंडीत आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. ते आले, पण लेकीच्या घरात राहणं त्यांच्या गळ्याखाली उतरेना. एकच भाकरी घेत. माशाची दुसरी तुकडी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरत. घरी असताना हाच माणूस तीन तुकड्या खाऊन वर सार पीत असे, हे बायकोनेच मला सांगितलेलं.

दर महिन्याच्या एक तारखेला ते पाचशेची एक नोट घरखर्चाच्या डब्याखाली ठेवत. बायको ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात परत टाकी. ती नोट डबा आणि खिसा यांमध्ये तीन महिने फिरली. शेवटी एकदा सदऱ्याबरोबर धुतली गेली आणि मी ती इस्त्रीने सरळ केली.

तेव्हा ड्रम विकायचं का निघालं, हे आम्हा दोघांना समजत होतं. तरुण गेल्यावर सासऱ्यांनी मला हिशोब मांडायला सांगितला. मी ओरोसला एका कार्यालयात लेखा विभागात आहे, घरात असली कामं माझ्याकडेच येतात. बावीस हजारांतून आवरण, गोंद, नवी कातडी, नटबोल्ट मिळून अंदाजे नऊ हजार सातशे साठ जाणार होते. उरणार बारा हजार दोनशे चाळीस.

"म्हयन्याक हजार धरा," सासरे म्हणाले, "म्हणजे माझा वर्सभराचा जेवण सुटला."

मी सवयीने विचारलं, "चहासकट?"

आतून बायकोचा आवाज आला, "अहो!"

मी वही मिटली.

काम मी शनिवार-रविवारी आणि संध्याकाळी बसवरून उतरल्यावर करायचं ठरलं. मला हातकाम येतं असं माझं मत आहे. घरातल्या सगळ्या कड्याकोयंड्यांना मीच तेल घालतो. सासरे खुर्चीवर बसून सांगत आणि मी करत असे. आधी सगळे नटबोल्ट, कडी, पाय, अडकवण्या काढल्या. कुठला बोल्ट कुठल्या ड्रमचा, हे कळावं म्हणून प्रत्येकाची वेगळी वाटी केली. स्वयंपाकघरात वाट्या उरल्या नाहीत, तेव्हा त्या दिवशी आमटी आम्ही पेल्यातून प्यायलो.

गंज काढायला बायकोने सोलांचं पाणी दिलं. आमच्याकडे तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने घासतात, म्हणून मी बोल्ट त्यातच भिजत घातले आणि त्यांनी गंज बऱ्यापैकी सोडला. उत्साहाच्या भरात मोठी झांजही घासायला घेतली. अर्धी लखलखीत झाली, तोच सासरे खुर्चीतून उठले. इतके चटकन उठताना मी त्यांना त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

"जावयबापू, ठेवा ती! झांज काय देवाचो तांब्यो आसा? त्या काळ्या थरातच तिचो आवाज आसा."

"पण मामा, ती टांगायचीच आहे. आवाज कुठे लागणार?"

त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली. दोन्ही झांजा उचलून आपल्या खोलीत नेल्या, खाटेखाली सरकवल्या आणि दार लावून घेतलं. जेवायला वाढलं तेव्हाच बाहेर आले.

जुनं आवरण काढायला बायकोचा हेअर ड्रायर वापरला. गरम हवा दिली की खालचा गोंद सैल होतो आणि सावकाश ओढलं की आवरण सोलल्यासारखं निघतं. वास मात्र असा सुटला, की शेजारी कुंपणापलीकडून ओरडला, "सायबानू, काय भाजतात? आमचो पण एक तुकडो ठेवा!" निघालेलं लाल आवरण मी भंगारात टाकायला बाहेर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. भंगारवाला घेऊन गेला असेल असं मला वाटलं.

मग पावसाने हात आखडता घ्यायला लावला. लाकडी नळकांडी इतकी ओलसर होती की गोंद धरणारच नव्हता. हा सनमायका चिकटवायचा गोंद असतो. लाकडाला आणि आवरणाला दोन्हीकडे लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मग एकमेकांवर बसवायचा. एकदा बसला की हलत नाही, चूक सुधारायला जागा नाही. आषाढात आमच्याकडे बोटाला न चिकटणारं काहीही नसतं. शेवटी प्रत्येक ड्रमच्या आत एक जुना पिवळा बल्ब लावून वर गोणपाट टाकलं. रात्री पडवीत चार गोणपाटं आतून उजळलेली दिसत. सासरे म्हणाले, "हेच टांग म्हणावा तेका. दिव्यांचा काम झालाच."

पाचवा स्नेअर ड्रम पत्र्याचा. त्याला आवरण नसतं, नुसता पुसून ठेवला.

आता मोठ्या ड्रमबद्दल लिहायला हवं.

आवरणाचा ताव मी बाहेरून मागवला होता. महाग असतो, म्हणून मागवण्याआधी मापं काटेकोर घेतली. ड्रमच्या तोंडावर पट्टी आडवी धरली, व्यास मोजला, तीन पूर्णांक चौदाने गुणला, सांध्यासाठी एक सेंटिमीटर वाढवला, आणि चारही ड्रमांचं धरून तेवढाच ताव घेतला. वाया काही जायला नको. दोन लहान ड्रम आणि जमिनीवरचा ड्रम सुरेख बसले. निळा रंग भिंतीवर पडला की समुद्राच्या पाण्यासारखा हलायचा. मी मनात खूष होतो.

मोठ्या ड्रमला गोंद लावला, वाट पाहिली. बायकोने एक टोक धरलं, मी दाबत दाबत गोल फिरलो, शेजारी ड्रम फिरवत होता, सासरे खुर्चीवरून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. फिरून पहिल्या टोकाशी आलो, तर टोकाला टोक मिळेना. मध्ये बोटभर उघडं लाकूड.

मी पुन्हा पट्टी आडवी धरली. माप बरोबर होतं. मग सासरे म्हणाले, "आता उभी धरा." उभी धरली, तर व्यास दीड-पावणेदोन सेंटिमीटरने जास्त. ड्रम वर्षानुवर्षं माळ्यावर आडवा पडून दबला होता. तो गोल नव्हताच. मी त्याला अरुंद बाजूने मोजला होता.

"दोरी का नाही गुंडाळलीत भोवती?" बायकोने विचारलं. ती वाडीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते. "आम्ही कंबरेभोवती टेप फिरवतो. बाईला समोर उभी करून गुणाकार करत नाही."

शेजाऱ्याला हसू आवरेना. "ऑफिसात पण असोच हिशोब करतात काय तुमी?"

ताव संपला होता. नवा मागवायचा तर नारळी पौर्णिमेच्या आत येणार नव्हता, आणि बसलेलं निळं आवरण सोलायचं तर फाटणार होतं. मी पायरीवर बसलो. घरातल्या माणसांसमोर गणितात चुकण्याची मला सवय नाही.

बायको आत गेली आणि कपाटामागून एक गुंडाळी घेऊन आली. जुनं लाल आवरण. भंगारवाल्याने नेलेलं नव्हतं.

"लहानपणी मी ह्याच्याकडे बघत बसायची," ती म्हणाली. "कार्यक्रमात बाबा मला स्टेजच्या मागे बसवायचे. ह्यात सगळे दिवे दिसायचे."

तिने शिवणकामाच्या कात्रीने त्यातली चांगली राहिलेली पट्टी कापली, फटीहून थोडी रुंद, आणि दोन्ही कडांवर चढेल अशी बसवली. कात्री एका फटक्यात सरळ गेली. निळ्यावर लाल उभी रेघ. मी म्हटलं, ही बाजू खाली करू, कोणाला दिसणार नाही.

"खाली नको," सासरे म्हणाले. "वर करा. दिसूंदे."

ताबा द्यायच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी संध्याकाळी, सगळा सेट पडवीत मांडून झाला. नवी कातडी ताणायची होती. ते काम सासरे मला करू देईनात. चावी घेऊन समोरासमोरचा एकेक बोल्ट थोडा थोडा आवळत, बोटाने टिचकी मारून ऐकत, त्यांनी तासभर घालवला. मग म्हणाले, "चार ठोके मारून बघतंय. गिऱ्हायकाक देवचो माल तपासून देवक व्हयो."

खाटेखालून झांजा आल्या. त्यांनी चार ठोके मारले आणि मग थांबलेच नाहीत. सुरुवातीला डावा हात मागे पडत होता. थोड्या वेळाने तो उजव्याच्या बरोबरीला आला. बायको दारात उभी होती, हातात पिठाने माखलेली परात तशीच. कुंपणावर तीन घरांतली माणसं छत्र्या घेऊन जमली. सासरे कोणाकडे बघत नव्हते. मान थोडी वाकडी करून ते मोठ्या ड्रमचं ऐकत होते.

संपल्यावर चावी खिशात टाकली आणि म्हणाले, "बरो झालो. उद्या नेऊंदे."

त्या रात्रीही एकच भाकरी.

नंतर बायको मला म्हणाली, "बारा हजार संपायला किती दिवस लागतात हो? ते संपले की काय विकणार? मग तर भाकरीही अर्धी करतील." "तू सांग ना त्यांना, विकू नका म्हणून," मी म्हटलं. ती म्हणाली, "मी सांगितलं तर ते फुकट राहतात असं त्यांना वाटेल. ते ड्रम विकतायत ते माझ्यासाठीच."

रविवारी सकाळी तरुण टेम्पो घेऊन आला. सोबत छताला आणि ड्रमांना भोकं पाडायचं यंत्र होतं. दुपारी टांगायलाच घेणार होता. त्याला रंग आवडला. लाल पट्टी पाहून म्हणाला, "ही बाजू भिंतीकडे करतलंय, दिसाची नाय." मी उरलेल्या सतरा हजारांची पावती लिहायला घेतली.

"थांब जरा," सासरे म्हणाले. "नारळ ठेवूया."

ह्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही. त्यांच्या ऑर्केस्ट्रात प्रत्येक कार्यक्रमाआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं होत असे आणि ते घालायचा मान त्यांच्याकडेच होता. आमच्याकडे विहीर खणताना, होडी पाण्यात लोटताना, दुकान उघडताना, सगळ्याच्या आधी गाऱ्हाणं असतं. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून इतकं म्हटलेलं असतं, की तोंड आपोआप उघडतं. तरुणाने चपला काढल्या. शेजाऱ्याने टोपी घातली. सगळे हात जोडून ड्रमभोवती उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा! तोंडवलीच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो तुझो ड्रम एका हातातसून दुसऱ्या हातात जाता हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चाळीस वर्सां ह्येच्या आवाजार माझा घर चाललां म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर आता ह्यो जेच्या घराक जायत, थयसर तेचो आवाज बंद पडाक देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण तेका भोक पाडीत, उलटो टांगीत, मुको करीत, तेका तूच बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज तरुणाचा होता. तोंड मिटायच्या आतच त्याच्या लक्षात आलं.

नारळ फुटला. शेजारी भकलं गोळा करायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. बायको पाठ फिरवून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

"आजोबानू," तरुण म्हणाला, "ह्या काय केलात?"

"काय केलंय? गाऱ्हाणा घातलंय. दरवेळी घालतंय."

"पण मी व्हय म्हटलंय!"

"म्हटलंस खरा. मोठ्यान म्हटलंस. तू ने रे, तुझे पैसे दिलेले आसत. मी देवाक सांगलंय, तुका न्हय."

तरुण पायरीवर बसला. मग त्याने आईला फोन लावला आणि झालेला प्रकार सांगितला. पलीकडचं उत्तर आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "व्हय म्हटलंस आणि भोक पाडतलंस? मग जेवक पण थयच बस, शेडीत. घराक येव नको."

त्याने फोन ठेवला आणि आपणच हसायला लागला. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "काका, बयाणो परत द्या. मी बालद्योच टांगतंय."

बयाणा आवरण आणि गोंदातच गेला होता. पाच हजार मी कपाटातून आणून दिले आणि लिहिलेली पावती फाडली. मला वाईट वाटलं का, तर नाही. पण सासरे खुर्चीत जाऊन बसले. ड्रम राहिला होता, आणि वर्षभराचं जेवण गेलं होतं. गाऱ्हाण्याच्या भरात हे त्यांनी धरलं नसावं. "तुमचे पाच हजार आणि वरचा खर्च माझ्यार ऱ्हवलो," ते मला म्हणाले.

टेम्पोत चढता चढता तरुण थांबला. "आजोबानू, आमच्या वाडीच्या गणपतीक पाचव्या रात्री कार्यक्रम आसा. ड्रम म्हणान एक पोरगो पेटी घेवन येता, बटणां दाबता. तुमी येशात? बिदागी अकराशेच आसा."

"माझे हात..." सासरे म्हणाले.

"हातांक काय जाला?" शेजारी म्हणाला. "काल सांजेक तुमी वाजवलात आणि माझो कुत्रो तीन घरां पलीकडे जावन लपलो."

पाचव्या रात्री आम्ही सगळे तोंडवलीला गेलो. सेट तरुणाच्या टेम्पोतून गेला, लाल पट्टी वर करून मांडला. दुसऱ्या गाण्यानंतर सासऱ्यांनी डाव्या हाताला विश्रांती म्हणून मध्ये नुसतं पायाने वाजवलं. लोकांना ती कलाकारी वाटली आणि टाळ्या पडल्या. बायको स्टेजच्या मागे जाऊन बसली होती. मी विचारलं, इथून काय दिसतं? म्हणाली, "दिवे. पण एवढ्याशा पट्टीत."

विसर्जनानंतर दोन दिवसांनी शेजाऱ्याच्या होडीला सुरमई लागली आणि एक आमच्याकडे आली. जेवायला बसण्याआधी सासऱ्यांनी गणपती मंडळाचं बिदागीचं पाकीट काढलं आणि लेकीपुढे धरलं. तिचा हात सवयीने मागे गेला. मी तिच्याकडे पाहिलं, घे म्हणून मान हलवली. तिने पाकीट घेतलं, माझ्यासारखंच उघडून मोजलं, आणि डब्यात टाकलं. ताट वाढल्यावर सासऱ्यांनी एक तुकडी खाल्ली आणि आपणच म्हणाले, "आणखी एक दी गो. मधली."

शेवटी दिलेली रक्कम रुपये अकराशे. दिली सासऱ्यांनी, घेतली माझ्या बायकोने. पावती कोणी मागितली नाही.